घाटावरची बेटं

(दहावी १९८५ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात २५ डिसेंबर २०२२ रोजी केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याच्या ओघातलं थोडं गाळलं आहे, बाकी तसंच ठेवलं आहे.)

आदरणीय सर, बाई, आणि केस पिकले तरी मागचा बाक न सोडणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

संयोजकांनी मला फोनवर बजावलं होतं, ‘तू प्राणिशास्त्र शिकवतेस, तर प्राण्यांवर बोल. पण वीस मिनिटांत आटप, मागे रोडगे आणि वांग्याची भाजी तयार आहे.’ मी विषय कळवला, ‘बेटांवरचे वन्य सस्तन प्राणी’. त्यावर आपल्या ग्रुपवर जी चेष्टा झाली ती सगळ्यांनी वाचलीच आहे. बुलढाण्यापासून समुद्र सरळ रेषेत साधारण साडेतीनशे किलोमीटर. आपल्या वर्गातल्या निम्म्या लोकांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो सहलीत किंवा लग्नानंतर. मग बेटं कुठली?

तर बेटं आपल्या जिल्ह्यात आहेत, आणि निदान तीन आहेत. ती मी दाखवणार आहे. पण आधी खऱ्या, पाण्यातल्या बेटांकडे थोडं जाऊन येऊ, म्हणजे मी हा शब्द का वापरते ते कळेल.

भूगोलाच्या तासाला बाईंनी अंदमानचा नकाशा काढायला लावला होता. त्या अंदमानच्या जंगलात वाघ नाही, बिबट्या नाही, अस्वल नाही. मूळचं हरीणही नाही. आज तिथे जी चितळं दिसतात ती इंग्रजांनी नेऊन सोडलेली. जंगल मात्र इतकं दाट की मेळघाट त्यापुढे उघडाबोडका वाटावा. मग इतक्या जंगलात मोठे प्राणी का नाहीत? कारण साधं आहे. वाघाला पोहता येतं, पण शेकडो किलोमीटर नाही. तिथले मूळचे सस्तन प्राणी म्हणजे बहुतेक वटवाघळं, उंदीर आणि चिचुंद्रीसारखे बारके जीव. न्यूझीलंडमध्ये तर माणूस पोहोचण्याआधी जमिनीवरचा सस्तन प्राणी म्हणजे फक्त वटवाघूळ. ज्याला पंख तो पोहोचला. आपल्या शाळेच्या वडावर उलटी लटकणारी वटवाघळं पाखरं नसून पिल्लांना दूध पाजणारे सस्तन प्राणी आहेत, हे विज्ञानाच्या सरांनी सांगितलं तेव्हा वर्गात कोणाचा विश्वास बसला नव्हता. सर, तुमचं ते वाक्य मी माझ्या वर्गात वर्षानुवर्षं वापरते आहे.

म्हणजे बेटावर प्राणी कमीच असतात का? नाही, आणि इथेच गंमत आहे. फिलिपिन्समध्ये लुझॉन नावाचं मोठं बेट आहे, क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या साधारण एक तृतीयांश. मनिला शहर त्याच बेटावर. हे बेट आशिया खंडाला कधीच जोडलेलं नव्हतं. कधीकाळी चारदोन जातींचे उंदीर वाहत्या ओंडक्यांवरून वगैरे तिथे पोहोचले आणि अडकले. संशोधकांनी बरीच वर्षं त्या बेटाचे डोंगर पालथे घातले आणि २०१६ साली हिशेब मांडला. न उडणारे मूळचे सस्तन प्राणी ५६ जातींचे, आणि त्यातल्या ५२ जाती जगात दुसरीकडे कुठेही नाहीत! बहुतेक उंदराच्याच कुळातले. कोणी झाडावर राहतो, कोणी फक्त गांडुळं खातो. शिवाय तिथला एकेक डोंगर म्हणजे बेटावरचं बेट. एका शिखरावरचा प्राणी शेजारच्या शिखरावर सापडत नाही, कारण मधल्या गरम सखल भागात तो उतरत नाही.

हे व्हायला किती काळ लागला? लाखो वर्षं. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बेटांचं गणित मांडलं दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी, रॉबर्ट मॅकआर्थर आणि एडवर्ड विल्सन यांनी, १९६७ साली. त्यातले विल्सन गेल्या वर्षी २६ डिसेंबरला वारले, उद्या त्यांना एक वर्ष होईल. मुंग्यांचा अभ्यास करणारा माणूस, पण त्याने जगातल्या सगळ्या अभयारण्यांकडे बघण्याची नजर बदलली. त्यांचं म्हणणं तुम्हाला बाजाराच्या भाषेत सांगते. बेटावर किती जाती टिकतील हे दोन गोष्टींवर ठरतं. बेट केवढं आहे, आणि मुख्य जमिनीपासून किती दूर आहे. नव्या जातींची आवक अंतरावर अवलंबून, असलेल्या जातींची जावक आकारावर. लहान बेटावर प्रत्येक जातीचे थोडेच प्राणी मावतात. एखादा दुष्काळ, एखादी साथ आली की ती जात संपते. जवळून नवे प्राणी येत राहिले तर भरपाई होते, दूर असलं तर होत नाही. ढोबळ हिशेब असा की बेट दहापट लहान झालं की जाती साधारण निम्म्या होतात.

आता पाणी काढून टाका. त्या जागी सोयाबीन पेरा, तूर पेरा, मध्ये रस्ते, गावं, रेल्वे टाका. जंगलातल्या प्राण्याला हा समुद्रच.

आपण बुलढाणेकर जिल्ह्याचे दोनच भाग करतो, घाटावरचे आणि घाटाखालचे. या हॉलमध्येही सोयरिकी जुळवताना तो प्रश्न अजून निघतो. प्राण्यांचा नकाशाही तसाच पडतो. उत्तरेला सातपुडा, संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांच्या डोक्यावर. मध्ये पूर्णेचं खोरं, काळी जमीन, खारपाणपट्टा, मलकापूर-नांदुरा-शेगावची रेल्वे आणि तिला समांतर राष्ट्रीय महामार्ग. दक्षिणेला अजिंठ्याची रांग, तिच्या कडेवर आपलं बुलढाणा.

सातपुड्यात आहे अंबाबरवा अभयारण्य, सुमारे १२७ चौरस किलोमीटर. घाटावर ज्ञानगंगा अभयारण्य, सुमारे २०५ चौरस किलोमीटर. बुलढाण्याहून खामगावला बोथ्यावरून जाताना आपण त्याच्या पोटातून जातो. दोन्ही १९९७ सालची. आता माझ्या विद्यार्थ्यांना मी विचारते तोच प्रश्न तुम्हाला विचारते. प्राण्यांची विविधता कुठे जास्त असेल? मोठ्या जंगलात की लहान?

मघाच्या गणिताप्रमाणे उत्तर ज्ञानगंगा यायला हवं. पण वाघांची वस्ती आहे अंबाबरव्याकडे. रानगवे, रानकुत्रे, शेकरू ही नावं मेळघाटाच्या बाजूने ऐकू येतात, ज्ञानगंगेत नाही. कारण अंबाबरवा हे बेट नाहीच! तो मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे, सातपुड्याच्या सलग जंगलाचं टोक आहे. तिथला वाघ रात्रीतून अकोला जिल्ह्यात जाऊन येतो, पुढे मध्य प्रदेशाकडे जातो, त्याला कोणी हटकत नाही. ज्ञानगंगा आकाराने मोठी, पण चारी बाजूंनी वावरांनी वेढलेली. दोघांमधलं अंतर साठ-सत्तर किलोमीटर, पण ते पूर्णेच्या खोऱ्याचं.

ज्ञानगंगेत काहीच नाही असा अर्थ कोणी घेऊ नका. बिबट्या आहे, अस्वल आहे, आणि घाटाच्या कपारींमुळे ती चांगली टिकून आहेत. तरस, कोल्हा, रानमांजर, सायाळ, चितळ, भेकर, रानडुक्कर, रोही. चौसिंगा आहे, ज्याला चार शिंगं असतात आणि जो भारत-नेपाळ सोडून जगात कुठे नाही. एवढ्या जंगलाला ही संपत्ती थोडी नाही. पण यादी नीट बघितली की एक गोष्ट लक्षात येते. जे टिकले ते एकतर लहान जागेत भागवणारे आहेत, नाहीतर रात्री वावरात उतरून पोट भरणारे. ज्याला मोठा मुलूख लागतो तो आधी जातो. सगळीकडे असंच झालं आहे.

तिसरं बेट लोणारचं. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं, उल्का पडून झालेलं विवर, त्याच्या उतारावर जंगलाचं कडं. २०२० साली पाणी गुलाबी झालं म्हणून टीव्हीवर दिसलं, त्याच वर्षी ते रामसर यादीत आलं. त्या नोंदीत पक्षी १६० जातींचे आहेत आणि सस्तन प्राणी १२. पक्ष्यांना पंख आहेत हो! बेटाचा नियम इतक्या स्वच्छ रीतीने दाखवणारी दुसरी जागा मला शिकवताना सापडलेली नाही. त्या बारांमध्ये लांडगा आहे, त्याच्याबद्दल मी जरा वेळाने बोलते.

आता मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेला आकडा काढा. लुझॉनला लाखो वर्षं मिळाली, म्हणून तिथे एकटेपणातून नव्या जाती निपजल्या. आपली बेटं तयार झाली ती आपल्या आज्या-पणज्यांच्या काळापासून, जसजसं जंगल कापून वावर झालं तसतशी. शंभर-दीडशे वर्षांत नवी जात तयार होत नाही. या मुदतीत फक्त वजाबाकी होते.

ती किती वेगाने होते याचं एक उदाहरण थायलंडचं आहे. तिथे १९८६-८७ साली धरण बांधलं, दरीत पाणी भरलं आणि डोंगरांचे माथे शंभराहून जास्त बेटं होऊन वर राहिले. आपल्या नळगंगा धरणात टेकड्या बुडाल्या तसंच, फक्त फार मोठ्या प्रमाणावर आणि घनदाट जंगलात. संशोधकांनी तिथे सापळे लावून छोटे सस्तन प्राणी मोजले, वीसेक वर्षांनी पुन्हा मोजले. लहान बेटांवरचे मूळचे प्राणी पाच वर्षांत जवळजवळ संपले होते, जरा मोठ्या बेटांवरचे पंचवीस वर्षांत. त्यांच्या जागी एकाच जातीचा, बाहेरून आलेला उंदीर सगळीकडे माजला होता. झाडं जागेवर होती. लांबून बघणाऱ्याला जंगल हिरवंगारच दिसलं असतं.

म्हणून जंगल हिरवं आहे, अभयारण्याची पाटी लागलेली आहे, एवढ्यावर माझं समाधान होत नाही. आपण सगळे सोडून गेलो आणि शाळेची इमारत रंगवून ठेवली, तर तिला शाळा म्हणाल का?

इथपर्यंत सगळं निराशेचं झालं. आता ज्याच्यामुळे मी हा विषय घेतला त्याच्याकडे येते.

यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याजवळ टिपेश्वर अभयारण्य आहे, दीडशे चौरस किलोमीटरही नाही. तिथे वाघ वाढले, जागा अपुरी पडू लागली. टी-१ नावाच्या वाघिणीला २०१६ च्या सुमारास झालेलं एक पिल्लू, टी-१ सी-१, त्याला फेब्रुवारी २०१९ मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांनी आणि वन विभागाने रेडिओ कॉलर लावली. जून २०१९ मध्ये, पाऊस सुरू होताना, तो निघाला. पुढे त्याचं नाव पडलं ‘वॉकर’. मराठीत त्याला चालस्या म्हणायला पाहिजे होतं, पण बारसं आपल्या हातात नव्हतं.

हा पठ्ठ्या महाराष्ट्रातले आणि तेलंगणातले मिळून कितीतरी जिल्हे फिरला. यवतमाळ, आदिलाबाद, नांदेड, हिंगोली, वाशीम, अकोला, बुलढाणा. कॉलर उपग्रहामार्फत त्याचा पत्ता तासातासाला देत होती. टिपेश्वर ते ज्ञानगंगा सरळ रेषेत सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. तो चालला सगळं मिळून तीन हजार किलोमीटरच्या वर! गेला, अडला, परत फिरला, दुसरीकडून प्रयत्न केला. नदी-नाल्यांच्या काठाने चालला, रस्ते ओलांडले, दिवसा झुडपात आणि उभ्या पराटीत पडून राहिला, रात्री निघाला. वाटेत गुरं मारली, रानडुकरं मारली. माणसाशी गाठ पडल्याची घटना एकच नोंदली गेली. त्याचे ठसे बघत कोणी तो झोपला होता त्या झुडपात शिरलं आणि किरकोळ जखमी झालं. बाकी हजारो माणसांच्या वावरांतून, धुऱ्यांवरून एक पूर्ण वाढीला आलेला वाघ गेला आणि बहुतेकांना कळलंही नाही.

डिसेंबर २०१९ मध्ये तो आपल्या ज्ञानगंगेत आला आणि थांबला. खायला रोही, रानडुक्कर भरपूर, प्यायला पाणी, आणि भांडायला दुसरा वाघ नाही. एप्रिल २०२० मध्ये त्याची कॉलर काढली, त्या वेळी आपण सगळे घरात कोंडून बसलो होतो.

तेव्हा ग्रुपवर सगळ्यांनी छाती फुगवून ‘आपला वाघ’ म्हणून फोटो टाकले होते. मलाही आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण बेटाचं गणित डोक्यात असलेल्या माणसाला लगेच पुढचा प्रश्न पडतो. भांडायला दुसरा वाघ नाही याचा दुसरा अर्थ असा की संसाराला वाघीण नाही. पोरगा इतका चालत आला तो जागेसाठी आणि जोडीदारासाठी. जागा मिळाली. वाघीण आणून सोडावी का यावर तेव्हा वन विभागात आणि अभ्यासकांत चर्चा झाली. माझं मत विचाराल तर, वाघीण ट्रकमधून आणून सोडता येते, पण तिच्या पिल्लांनी पुढे कुठे जायचं? दोनशे पाच चौरस किलोमीटरमध्ये किती वाघ मावणार? बेटावर जोडपं नेऊन ठेवलं तरी बेट हे बेटच राहतं.

त्यातून काय होतं ते ओडिशातल्या सिमिलीपालला दिसतं. तिथले वाघ बाकी वाघांपासून तुटले आहेत. तिथे असे वाघ दिसतात ज्यांचे पट्टे एकमेकांत मिसळून अंग काळं दिसतं. लोक कौतुकाने काळा वाघ म्हणतात, फोटो काढायला जातात. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवलं की एकाच जनुकातला हा बदल आहे आणि सिमिलीपालच्या साधारण तीनातल्या एका वाघाला तो आहे. बाहेरच्या जंगलांत तो जवळपास सापडतच नाही. थोडे वाघ, त्यांच्यातच लग्नं, म्हणून असा दुर्मिळ गुण पसरतो. पट्टे काळे झाले तर बिघडत नाही, पण याच वाटेने दोषही पसरतात. आपल्याकडे गोत्र आणि मामेकूळ बघून सोयरीक का करतात ते इथल्या थोरांना सांगायला नको.

मार्च २०२१ मध्ये आणखी एक खबर आली. टिपेश्वरचाच दुसरा नर वाघ थेट गौताळा औट्रमघाट अभयारण्यात पोहोचला, औरंगाबाद-जळगावच्या सीमेवर. तीही अजिंठ्याचीच रांग. म्हणजे वॉकर अपवाद नव्हता. यवतमाळपासून अजिंठ्यापर्यंत वाट आहे. ती कुठल्या नकाशावर छापलेली नाही, पण वाघांच्या पायाखाली आहे. अशी वाट उघडी असली की बेट पूर्ण बेट राहत नाही, आणि तेवढ्यानेच जाती टिकतात. मला आज तुम्हाला सांगायचं आहे ते एवढंच, बाकी सगळी प्रस्तावना होती. ती वाट वनखात्याच्या जमिनीवर फारच थोडी आहे. बाकीची तुमच्या-माझ्या वावरांतून जाते.

(इथे एका मित्राने खालून आवाज दिला, ‘पण रोह्यांचं काय?’)

बरोबर, रोह्यांचं बोललंच पाहिजे. सकाळी चहाच्या वेळी मोताळ्याकडचा आपला एक मित्र मला म्हणाला, ‘तुह्या वाघाचं राहू दे व, रोह्यांनं माहा हरभरा साफ केला, त्याचं सांग.’ तो चिडला होता आणि त्याचं चिडणं रास्त आहे. शहरात राहून वन्यजीवांवर प्रेम करणाऱ्याला जागलीवर जावं लागत नाही. थंडीत रात्रभर माळ्यावर बसून डबडं वाजवावं लागत नाही. भरपाईच्या अर्जासाठी घातलेले हेलपाटे आणि हातात पडलेली रक्कम यांचा मेळ बसत नाही, हे त्याचं म्हणणंही मी इथे मुद्दाम मांडते, म्हणजे ते स्मरणिकेत छापून येईल.

पण रोही का वाढले? कारण त्यांच्यासाठी आपला समुद्र हा समुद्र नाही, ताटात वाढलेलं जेवण आहे. त्यांना मारून खाणारे बेटावर अडकले. वाघ आला की रोही संपतील असलं आश्वासन मी देणार नाही, ते खोटं होईल. जनावरांचा हिशेब एका बाजूने बिघडला की दुसऱ्या बाजूने फुगतो, थायलंडच्या त्या उंदरासारखा, एवढं मात्र खरं.

आणि लांडगा. त्याचं सगळं उलटं आहे. लांडगा, खोकड, चिंकारा, काळवीट हे दाट जंगलातले नाहीत, माळरानावरचे. त्यांचं बेट म्हणजे आपल्या गावची ई-क्लास जमीन. आपण गुरं सोडायचो ती. तिचं आज प्रत्येक गावात काय झालंय ते तुम्ही सांगा. थोडं अतिक्रमण, थोडे प्लॉट, उरलेल्यावर कोणीतरी भल्या हेतूने झाडं लावून टाकली. माळाला झाडं लावली की आपल्याला पुण्य वाटतं, पण लांडग्याचं घर जातं. ज्ञानगंगेला निदान अभयारण्याची पाटी आहे, ई-क्लासला कसलीच नाही. मेंढपाळाचा लांडग्यावर राग असतो, तो असणारच. पण आपल्या जिल्ह्यातून आधी कोण जाईल असं मला विचारलं तर मी बिबट्याचं नाव घेणार नाही, लांडग्याचं घेईन.

आता समृद्धी. नागपूरकडून आलेल्या मंडळींनी सकाळपासून मला चार वेळा सांगितलं, मेहकरपर्यंत किती झटक्यात आलो ते. दोन आठवड्यांपूर्वी, ११ तारखेला, पंतप्रधानांनी नागपूर-शिर्डी टप्प्याचं उद्घाटन केलं, ५२० किलोमीटर. रस्ता सुरेख आहे, मीही त्यावरून येणार आहे-जाणार आहे. पण नकाशा बघा. हा रस्ता वाशीमकडून येऊन मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा तालुक्यांतून जालन्याकडे जातो. टिपेश्वर त्याच्या दक्षिणेला, ज्ञानगंगा उत्तरेला. वॉकर २०१९ मध्ये आला तेव्हा तिथे काम चालू होतं, पण वाहतूक नव्हती. आज दोन्ही बाजूंनी कुंपण आणि मधून ताशी १२० किलोमीटरने गाड्या. जमिनीवर चालणाऱ्या प्राण्याला नवा समुद्र तयार झाला, आणि तोही आपल्या डोळ्यांसमोर.

रस्ता बांधणाऱ्यांनी याचा विचार केलेला आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. वन्यप्राण्यांसाठी ठिकठिकाणी खालून आणि वरून जायचे मार्ग ठेवले आहेत. अशी सोय आपल्याकडच्या जुन्या रस्त्यांना कधी नव्हती. पण प्राण्यांचा मार्ग पुलापुरता नसतो. पुलाच्या दोन्ही तोंडांना जी जमीन आहे ती उघडी राहिली तर जनावर तिथपर्यंत येईल. तिथे उद्या ढाबा झाला, प्लॉट पडले, रात्रभर दिवे लागले, की खालचा बोगदा रिकामाच राहणार. त्या जमिनी कोणाच्या आहेत? मेहकर-सिंदखेडराजाकडचे आपले पाच-सहा जण इथे बसलेत, त्यांच्या आणि त्यांच्या भावकीच्या. विकू नका असं मी म्हणत नाही. माझा अधिकार नाही. विकताना ही गोष्ट माहीत असावी, एवढंच.

दोन कामं मात्र आपल्या हातातली आहेत आणि त्यांना फारसा पैसा लागत नाही. एक, कठडा नसलेल्या विहिरी. रात्री धुऱ्याने चालणारा बिबट्या, तरस, अस्वल त्यात पडतात, आणि आपली पोरंही पडतात. दुसरं, कुंपणाला करंट. रानडुकरांसाठी कोणी थेट लाइनवरून आकडा टाकून तारेत वीज सोडतो. गुन्हा आहे तो, आणि वाघ मरतो तसा शेजारचा माणूसही सकाळी पाणी द्यायला जाताना मरतो. विदर्भात हे घडलेलं आहे, तुम्ही पेपरात वाचलं असेल. सौर झटका मशीन मिळतं, त्याचा झटका क्षणभराचा असतो, जनावर मागे फिरतं, मरत नाही. चार शेतकऱ्यांनी मिळून घेतलं तर वाट्याला फार येत नाही. ज्ञानगंगेच्या आसपास आणि पूर्णेच्या खोऱ्यात आपल्या तुकडीची मिळून किती वावरं असतील याचा मी काल प्रवासात अंदाज करत होते, तर मलाच आश्चर्य वाटलं.

म्हणून बाहेर, जिथे चपला काढल्या आहेत त्याच्यावरच्या भिंतीवर, मी जिल्ह्याचा मोठा नकाशा लावून ठेवलाय. तीन बेटं हिरव्या रंगाने रंगवली आहेत, समृद्धी काळ्या रेघेने. प्रत्येकाने जेवणाआधी आपलं वावर जिथे आहे तिथे एक टिंब काढायचं. कठडा नसलेली विहीर असेल तर टिंबाभोवती गोल. घाटाखालच्यांनीही काढायचं, अंबाबरव्याची वाट तुमच्याकडूनच येते. दुपारी बघू, टिंबांची माळ कुठे जुळते आणि कुठे तुटते. उद्या सकाळी साडेपाचला ज्यांना बोथ्याच्या जंगलात यायचं आहे त्यांनी नावं माझ्याकडे द्या. गाड्या दोनच आहेत आणि स्वेटर आणा.

पेन्सिल नकाशाजवळ दोरीने बांधून ठेवली आहे. आपल्या वर्गात दिलेली पेन्सिल परत येत नसे, सरांना आठवत असेल. माझी वीस मिनिटं कधीच संपली, मागून रोडग्यांचा वास येतोय, मी बसते.